चार पाऊणे तीन

त्या कॅसेटवर चेंडू टाकण्याआधीच झेल घेतला जातो.
खोटं नाही. साठ मिनिटांची कॅसेट, निळं लेबल,
वर बाबलीदादाच्या तिरक्या अक्षरात 'तांबळडेग फायनल'
आणि खाली खोडलेलं 'भजन'.

इयरफोन लावून ऐका.
बोलर वळतो. बाबलीदादा गप्प.
फक्त समुद्र, आणि समुद्राच्याही खाली,
कुडापलीकडून कुणी बोलावं तसं पुसट:
गावलो!
मग दीड सेकंदानं तोच शब्द, घसा फाडून,
माईक शिट्टी मारेपर्यंत.

मला कितीतरी वर्षं वाटायचं, बाबलीदादाला पुढचं दिसतं.
देवगडच्या हसन सोलकरांनी
(आधी घड्याळं, मग टेप, आता मोबाईलची कव्हरं)
पेन्सिल घालून रीळ फिरवलं आणि म्हणाले,
गुंडाळलं की एक फेरा दुसऱ्याच्या पाठीला लागतो.
नुसतं पडून राहिलं की ह्याचं त्याला लागतं,
सुक्या बांगड्याचा वास शेजारच्या तांदळाला लागतो तसं.
जो ओरडतो त्याचं जास्त.
"बरीच वर्षं वाजवली नसणार तुम्ही."
पैसे घेतले नाहीत.

मैदान म्हणजे ओहोटीनं उसनी दिलेली वाळू.
सुरूत गेला की दोनच, कारण शोधायला वेळ लागतो.
पाण्यात गेला की चार, आणि ज्यानं मारला त्यानंच आणायचा.
टॉस जिंकला की कॅप्टन आभाळाकडे नाही,
माझ्याकडे बघायचा.
मी अकरा वर्षांची. वही माझ्याकडे,
कारण अख्ख्या वाडीतल्या पोरांत पाऊणकी मलाच यायची.
तिथी कोणती?
चतुर्थी.
चार पाऊणे तीन. तीनला भरती पुरी.
म्हणजे दुसऱ्या डावात चौकार
लाटेगणिक जवळ येत जाणार.
आम्ही आधी फिल्डिंग घेतली.

शेवटचा चेंडू. हवेत चार.
दिगंबर खवळेनं उचलला तो सरळ पाण्याच्या बाजूला,
तिथे मुणग्याचा आग्नेल, हाफपँट दुमडलेली.
त्यानं उडी मारली तेव्हा पायाखाली वाळू होती.
उतरला तेव्हा गुडघाभर पाणी.

अंपायर पेडणेकर गुरुजी. त्यांनी बोट वर केलं नाही,
हात पसरले नाहीत,
चष्मा काढून त्या लाटेकडे बघत राहिले,
जणू तिलाच पुढे बोलावून विचारणार होते.

त्या दिवसापासून करंडक सहा महिने त्यांच्याकडे,
सहा महिने आमच्याकडे.
सध्या कुणाकडे आहे ते दोन्ही गावांना ठाऊक नाही.
वही वाळवीनं खाल्ली, तीही कडेकडेनं,
मधला रकाना शेवटपर्यंत कोराच होता.
बाबलीदादा बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या मोजतो.
विचारलं तर "माका आठवना नाय" म्हणतो
आणि ओला हात लेंग्याला पुसतो,
पुसून झाल्यावरही पुसत राहतो.

पण कॅसेट अजून आहे.
गावलो! नंतर आरडाओरडा,
कुणाच्या तरी आईचा उद्धार,
मग एकाएकी सगळे थांबतात. गुरुजींकडे बघत असणार.
दोन सेकंद नुसता समुद्र.
त्याच्याखाली एका पोरीचा आवाज.
तिनं अजून तोंड उघडलेलं नाही:
काय लिवू?
आणि मग खरोखरचा, माईकला चिकटून, चिरका:
बाबलीदादा, काय लिवू?

खाटकन बटण.
पुसायचं राहून गेलेलं भजन
ओळीच्या मधूनच सुरू होतं,
आणि मागे कुणाचा तरी टाळ
थोडा लवकर पडतो.